मुंबईची महापौर निवडणूक (१९५७–१९५९)

मुंबईची महापौर निवडणूक (१९५७–१९५९) या शीर्षकाखाली संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबई महानगरपालिकेत बहुमत मिळविल्यानंतर लागोपाठ झालेल्या तीन महापौर निवडींचा विचार केला जातो. १९५७ मध्ये आचार्य मो. वा. दोंदे, १९५८ मध्ये शां. स. मिरजकर आणि १९५९ मध्ये पी. टी. बोराळे हे महापौर झाले. शिक्षक चळवळीतील एक कार्यकर्ता, एक कम्युनिस्ट कामगार पुढारी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीतून आलेला एक रिपब्लिकन नेता अशा क्रमाने देशाच्या आर्थिक राजधानीचे प्रथम नागरिकत्व तीन वर्षांत तिघांकडे गेले. यांपैकी कोणालाही मुंबईच्या मतदाराने ‘महापौर’ म्हणून मत दिलेले नव्हते. मतदाराने नगरसेवक निवडले आणि नगरसेवकांनी महापौर. नगराचा प्रमुख थेट जनतेने निवडावा की सभागृहाने, हा वाद महाराष्ट्रात आजही मिटलेला नसल्याने या निवडींकडे पाहणे उपयुक्त ठरते.

पद आणि त्याचे अधिकार

मुंबई महानगरपालिका १८८८ च्या अधिनियमानुसार चालते. हा कायदा घडविण्यात सर फिरोजशहा मेहता यांचा मोठा वाटा होता. त्या काळी सभागृहाच्या प्रमुखास अध्यक्ष म्हणत. मेहता स्वतः चार वेळा आणि पुढे विठ्ठलभाई पटेलही या पदावर होते. १९३१ पासून अध्यक्षाला ‘महापौर’ ही संज्ञा मिळाली. पदाचे नाव भारदस्त झाले, पण अधिकार वाढले नाहीत.

अधिकारांची वाटणी समजून घेतल्याशिवाय पुढील राजकारण कळत नाही. अंमलबजावणीचा अधिकार आयुक्ताकडे असतो आणि आयुक्ताची नेमणूक राज्य सरकार करते. ही रचना १८६५ पासूनची आहे. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी शहर सुधारण्याच्या भरात इतका खर्च केला की पुढे त्यांच्यावर लगाम घालण्यासाठीच लोकनियुक्त सभासदांचा आग्रह धरला गेला. म्हणजे मुंबईची लोकनियुक्त महापालिका मुळात खर्चावर देखरेख करणारी सभा म्हणून वाढली, कारभार करणारे मंत्रिमंडळ म्हणून नव्हे. पैशाच्या मंजुरीची नाडी स्थायी समितीच्या हाती असते. महापौराकडे उरते ते सभागृहाचे अध्यक्षपद, शहराचे प्रतिनिधित्व, पाहुण्यांचे स्वागत आणि वजन. हे वजन किती, ते पदापेक्षा माणसावर आणि त्याच्यामागील बहुमतावर अवलंबून राहिले.

निवड दरवर्षी होत असे. स्वातंत्र्यपूर्व काळात हे पद हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशा निरनिराळ्या समाजांकडे आळीपाळीने जावे असा संकेत होता. के. एफ. नरिमन, एलिजा मोझेस, युसुफ मेहरअली ही नावे पाहिली तरी तो दिसतो. १९४२ मध्ये मेहरअली महापौर झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यचळवळीत पुन्हा तुरुंगात गेले. अशी माणसे या पदावर बसली म्हणून पदाला तेज आले. एका वर्षात कोणताही महापौर शहराचा चेहरा बदलू शकत नाही, हे मात्र तितकेच खरे.

प्रौढ मतदान आणि शहराची वाढ

१९४८ पूर्वी महापालिकेसाठी मत देण्याचा अधिकार मालमत्ता, कर किंवा विशिष्ट रकमेचे घरभाडे भरणाऱ्यांपुरता मर्यादित होता. गिरणीच्या चाळीत एका खोलीत दहा-दहा जणांनी राहणाऱ्या, खानावळीत जेवणाऱ्या आणि पाळी बदलली की एकाच अंथरुणावर आळीपाळीने झोपणाऱ्या कामगाराचे नाव मतदारयादीत येण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. १९४८ ची निवडणूक प्रौढ मतदानाने झाली आणि गिरणगावाला प्रथमच शहराच्या सभागृहात आपल्या संख्येइतके वजन मिळू लागले.

हा बदल तत्काळ दिसला नाही. १९४९ ते १९५२ अशी सलग तीन वर्षे काँग्रेसचे स. का. पाटील महापौर होते. मुंबई प्रदेश काँग्रेसवर त्यांची पकड इतकी घट्ट होती की त्यांना शहराचा अनभिषिक्त राजा म्हटले जाई. त्यांची खरी सत्ता महापौराच्या खुर्चीत नव्हती. उमेदवारी कोणाला द्यायची, निधी कोठून आणायचा आणि कोणत्या वॉर्डात कोणता माणूस उभा करायचा, या तीन गोष्टी त्यांच्या हाती होत्या.

याच काळात शहर वाढले. १९५० मध्ये उपनगरे आणि १९५७ च्या आरंभी विस्तारित उपनगरे महापालिकेत सामील होऊन हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत पोहोचली. पाण्यासाठी वैतरणा नदीवर बांधलेले धरण १९५७ मध्ये पूर्ण झाले. महापालिकेचे अभियंता ना. वि. मोडक यांच्या नावाने ते मोडकसागर म्हणून ओळखले जाते. १९६१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे ४१.५ लाख भरली. एवढ्या शहराची वाहतूक, इस्पितळे, प्राथमिक शाळा आणि पाणी महापालिकेच्या हाती होते, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्यावरील ताबा ही केवळ मानाची बाब नव्हती हे पटते.

संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न

१९५७ ची महापालिका निवडणूक नळ, गटारे आणि रस्ते या प्रश्नांवर झाली नाही. ती मुंबई कोणाची या प्रश्नावर झाली.

भाषावार प्रांतरचनेत मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या भूमिकेविरुद्ध २१ नोव्हेंबर १९५५ रोजी विधिमंडळावर मोर्चा निघाला. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि शहर पेटले. मोरारजी देसाई मुख्यमंत्री असताना झालेल्या गोळीबारांत व आंदोलनात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांचे स्मारक आज फ्लोरा फाउंटनजवळ हुतात्मा चौकात आहे. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. केंद्रीय अर्थमंत्री चिं. द. देशमुख यांनी याच प्रश्नावर मंत्रिपद सोडले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुजरात, विदर्भ, मराठवाडा आणि मुंबई यांना एकत्र करून विशाल द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. यशवंतराव चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले. पंधरवडा उलटण्यापूर्वीच आचार्य अत्रे यांचे ‘मराठा’ हे दैनिक सुरू झाले आणि समितीला रोजची तोफ मिळाली.

मराठवाड्यातील वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुरुड, लातूर हा भाग तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होता. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत येथील माणसाची राजधानी हैदराबाद होती आणि दुसऱ्या दिवसापासून ती मुंबई झाली. जे शहर बहुतेकांनी पाहिलेही नव्हते, त्याच्या भवितव्यावर आपले राज्य कोणते हे ठरणार होते. तरीही १९५७ च्या विधानसभा निवडणुकीत समितीची लाट प्रामुख्याने पश्चिम महाराष्ट्रात उसळली. मराठवाडा व विदर्भ यांनी काँग्रेसला तारले आणि ३९६ पैकी २३४ जागा मिळवून काँग्रेसने द्विभाषिकाची सत्ता टिकविली. नुकत्याच निजामी राजवटीतून सुटलेल्या प्रदेशाची निष्ठा ज्या पक्षाने मुक्ती आणली त्याच्याशी होती. ही निष्ठा भाषेच्या प्रेमाच्या आड आली असे म्हणणे अन्यायाचे होईल. येथील मतदाराच्या मनात त्या वेळी दोन्ही गोष्टी होत्या, आणि त्यांतील जुनी अधिक बळकट ठरली.

मुंबई शहराचे चित्र संमिश्र होते. लोकसभेसाठी मध्य मुंबईतून श्रीपाद अमृत डांगे मोठ्या मताधिक्याने विजयी झाले, तर दक्षिण मुंबईतून स. का. पाटील आणि उत्तर मुंबईतून व्ही. के. कृष्ण मेनन हे काँग्रेसचे उमेदवार निवडून आले. महापालिकेच्या निवडणुकीत मात्र समितीने काँग्रेसच्या हातून बहुमत काढून घेतले. सूर्यचंद्र असेपर्यंत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, अशा आशयाचे विधान ज्यांच्या नावावर सांगितले जाते, त्या पाटलांच्याच बालेकिल्ल्यात हे घडले. स. का. पाटील स्वतः कोकणातले मराठी गृहस्थ होते, ही बाब प्रचारात वारंवार उगाळली गेली. समितीचे काही वक्ते या मुद्द्यावर मर्यादा सोडत, हेही नमूद केले पाहिजे.

तीन महापौर

समिती हा पक्ष नव्हता. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि हिंदुमहासभेसारखे एरवी एकमेकांच्या सावलीला न उभे राहणारे गट एका मागणीसाठी एकत्र आले होते. मागणी एक होती, खुर्चीही एकच होती. दरवर्षी महापौर बदलण्याची जुनी तरतूद येथे समितीच्या कामी आली. पूर्वी जे पद समाजांमध्ये फिरत असे, ते आता घटकपक्षांच्या व चळवळींच्या प्रवाहांमध्ये फिरू लागले. पाच वर्षांचा एकच महापौर निवडावा लागता, तर ही आघाडी बहुधा पहिल्याच सभेत फुटली असती.

पहिला मान आचार्य दोंदे यांना मिळाला. प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. खेड्यातील शाळामास्तराला संघटित होण्याचे धैर्य ज्यांनी दिले त्यांत ते अग्रभागी होते. महापालिका हजारो मुलांच्या प्राथमिक शाळा चालवीत असल्याने शिक्षकांच्या नेत्याने तिचे अध्यक्षस्थान भूषविणे औचित्यपूर्ण होते. शिवाय आघाडीतील सर्वांना चालेल असे त्यांचे व्यक्तिमत्त्व होते.

१९५८ ची निवड अधिक लक्षवेधी ठरली. शांताराम सावळाराम मिरजकर हे १९२८ च्या गिरणी संपाच्या पिढीतील पुढारी आणि मीरत कटाच्या खटल्यातील आरोपी होते. ज्या साम्राज्यसत्तेने त्यांना राजद्रोहाखाली वर्षानुवर्षे अडकवून ठेवले, तिनेच उभारलेल्या बोरीबंदरसमोरील गॉथिक इमारतीत ते महापौर म्हणून बसले. त्याच्या आदल्याच वर्षी केरळात कम्युनिस्ट मंत्रिमंडळ आले होते. त्यामुळे भांडवलदारांच्या मुंबईला कम्युनिस्ट महापौर मिळाल्याची चर्चा शहराबाहेरही झाली. प्रत्यक्षात आयुक्त राज्य सरकारचा होता आणि राज्य सरकार काँग्रेसचे. लाल महापौराच्या काळात क्रांती होणे शक्य नव्हते आणि ती झालीही नाही. मिरजकरांच्या निवडीचे महत्त्व अन्यत्र आहे. दहा वर्षांपूर्वी ज्याला मताचा अधिकारही नव्हता, त्या चाळीतल्या कामगाराला आपला माणूस शहराच्या प्रथम आसनावर दिसला.

१९५९ मध्ये बोराळे यांची निवड झाली. बाबासाहेबांचे निधन ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले होते आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला होता. समितीत या पक्षाला बरोबरीचे स्थान आहे काय, हा प्रश्न कार्यकर्ते उघडपणे विचारीत. बोराळे यांच्या निवडीने त्याचे एक उत्तर मिळाले. पुढील काळात आघाड्यांच्या राजकारणात रिपब्लिकन गटांच्या वाट्याला काय आले याचा हिशोब मांडला, तर हे उत्तर तात्पुरते होते असे दिसते.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. मागणी पूर्ण होताच समितीला बांधणारा दोर सुटला. समाजवादी आणि कम्युनिस्ट यांच्यात चीन व तिबेटच्या प्रश्नावरून आधीच बेबनाव होता. १९६१ च्या निवडणुकीत काँग्रेसने महापालिका परत घेतली. याच निवडणुकीत जॉर्ज फर्नांडिस नगरसेवक झाले. सहा वर्षांनी त्यांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटलांचा पराभव केला. मराठी अस्मितेचा जो प्रवाह समितीने मोकळा केला होता, तो १९६८ च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेच्या रूपाने पुन्हा सभागृहात आला आणि १९७१ मध्ये डॉ. हेमचंद्र गुप्ते शिवसेनेचे पहिले महापौर झाले.

अमेरिकेतील समकालीन उदाहरणे

त्याच दशकात अमेरिकेतील शिकागो शहराने वेगळ्या पद्धतीने महापौर निवडला. शिकागोची लोकसंख्या १९५० मध्ये सुमारे ३६ लाख, म्हणजे मुंबईच्या जवळपास होती. रिचर्ड जे. डेली यांनी प्रथम आपल्याच डेमोक्रॅटिक पक्षातील पदस्थ महापौर मार्टिन केनेली यांना पक्षांतर्गत मतदानात हरविले आणि एप्रिल १९५५ मध्ये रॉबर्ट मेरियम यांचा सुमारे सव्वा लाख मतांनी पराभव केला. मतपत्रिकेवर डेली यांचे नाव होते. विजयानंतर ते शहराचे महापौर आणि पक्षाच्या स्थानिक यंत्रणेचे अध्यक्ष अशा दोन्ही खुर्च्यांवर बसले. अर्थसंकल्प तयार करण्याचे काम त्यांनी नगरसभेकडून स्वतःकडे घेतले. डिसेंबर १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते महापौर होते. स. का. पाटील यांच्या हातातील पक्षयंत्रणेला शिकागोसारखा अधिकार जोडला गेला असता तर काय झाले असते, याची कल्पना डेली यांच्या कारकिर्दीवरून येते. शिकागोचे रस्ते झाले, विमानतळ झाला. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या मात्र वेगळ्याच राहिल्या आणि त्यांचे गाऱ्हाणे ऐकणारा दुसरा दरवाजा शहरात नव्हता.

मिलवॉकी शहराने १९४८ ते १९६० अशी बारा वर्षे फ्रँक झायडलर या समाजवादी महापौराला निवडून दिले. शीतयुद्धाच्या ऐन भरात, अमेरिकेत समाजवादी म्हणवून घेणे धोक्याचे असताना हे घडले. मिरजकरांना एक वर्ष आणि झायडलर यांना बारा वर्षे मिळाली, या फरकाचे मूळ विचारसरणीत नसून निवडपद्धतीत आहे.

मराठवाड्यातील संदर्भ

महापौर किंवा नगराध्यक्ष थेट निवडावा ही मागणी महाराष्ट्रात अनेकदा आली आणि गेली. नगरपालिकांच्या अध्यक्षांची थेट निवड १९७४ मध्ये झाली, पुढे थांबली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना २००१ मध्ये परत आली, पुन्हा रद्द झाली, २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. कायदा बदलण्याच्या या वेळा पाहिल्या म्हणजे नागरिकांच्या सोयीपेक्षा सत्ताधारी पक्षाला त्या घडीला कोणती पद्धत सोयीची वाटली, हेच अधिक दिसते. मुंबईत १९९८ मध्ये महापौर परिषदेचा, म्हणजे महापौराला मंत्रिमंडळासारखे अधिकार देण्याचा प्रयोग झाला. तो वर्षभरात गुंडाळण्यात आला. त्यामुळे महानगरपालिकांचा महापौर आजही सभागृहच निवडते.

लातूर महानगरपालिका २०११ मध्ये अस्तित्वात आली. २०१७ च्या निवडणुकीत ७० पैकी भारतीय जनता पक्षाला ३६ आणि काँग्रेसला ३३ जागा मिळाल्या. त्यानुसार भाजपचा महापौर झाला. अडीच वर्षांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, भाजपच्याच काही नगरसेवकांच्या साहाय्याने काँग्रेसचे विक्रांत गोजमगुंडे महापौर झाले आणि उपमहापौरपद भाजपच्या बंडखोराकडे गेले. मधल्या काळात सार्वत्रिक निवडणूक झाली नव्हती. १९५७ मध्ये पक्षांतरविरोधी कायदा नव्हता. २०१९ मध्ये स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ लागू होता. तरीही समितीच्या पाच-सहा पक्षांच्या आघाडीने आपले महापौर लागोपाठ निवडून आणले आणि लातुरात एका पक्षाचे काठावरचे बहुमत अडीच वर्षांपलीकडे टिकले नाही. कायद्याचा धाक आणि मागणीची निष्ठा यांत कोणती गाठ अधिक पक्की, हे या तुलनेतून वाचकाने ताडावे.

थेट निवडणूक हा यावरचा उपाय म्हणून सांगितला जातो. त्यातही एक पेच आहे. थेट निवडून आलेला नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातील बहुमत दुसऱ्या पक्षाचे असले, की ठराव अडतात. अधिकार न देता केवळ मतपत्रिकेवर नाव छापले, तर शोभेच्या पदाला लाखो मतांचे ओझे तेवढे मिळते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हा शहरात जाब कोणाला विचारावा हे नागरिकांना कळत नव्हते. महापौर आयुक्तांकडे, आयुक्त शासनाकडे आणि शासन पावसाकडे बोट दाखवू शकत होते. शिकागोच्या नागरिकाला हा संभ्रम पडला नसता. त्याने डेली यांचे नाव घेतले असते, मग ते स्तुतीत असो की शिव्यांत.

स्थानिक संस्था ही नेतृत्वाची पाठशाळा असल्याचे मराठवाड्यात अनेकदा दिसले आहे. शंकरराव चव्हाण नांदेड नगरपालिकेचे अध्यक्ष होते, शिवराज पाटील चाकूरकरांची सुरुवात लातूर नगरपालिकेतून झाली आणि विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते. या पाठशाळेचे दरवाजे अलीकडे दीर्घकाळ बंद राहिले. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासकाची नेमणूक झाली. लातूरच्या सभागृहाची मुदतही त्याच वर्षी संपली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागरचना यांच्या वादात निवडणुका लांबत गेल्या, आणि अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला त्या चार महिन्यांत घेण्याचा आदेश द्यावा लागला. क्रॉफर्ड यांच्यावर देखरेख करणारे लोकनियुक्त सभागृह नव्हते म्हणून मुंबईकरांनी ओरड केली होती. २०२२ नंतर राज्यातील बहुसंख्य महानगरपालिकांत नेमके तेच सभागृह नव्हते, आणि अर्थसंकल्प आयुक्तच मांडीत व प्रशासक या नात्याने तेच मंजूर करीत होते.